तंबूत लाकडाची चूल बसवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : तोरणमाळच्या पठारावर नातेवाइकांच्या मालकीची थोडी जमीन असून तेथे डिसेंबर-जानेवारीत कुटुंबासह मुक्काम करण्यासाठी आम्ही जाड सुती कॅनव्हासचा तंबू घेतला आहे. तंबू १२ फूट रुंद, १४ फूट लांब असून त्याच्या कनाती ५ फूट व आढे ८ फूट उंच आहे. माझे थोरले बंधू अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतात. तेथे शरद ऋतूच्या अखेरीस शिकारीला जाणारे लोक अशाच तंबूत लाकडाची चूल पेटवून राहतात, असे ते सांगतात, आणि तशीच २६ इंच लांबीची चूल घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे. शहाद्यातील आमचे वेल्डिंगवाले म्हणतात की रिकाम्या पिंपापासून चूल करून देतो. हिमाचलातून तयार बुखारी मागवावी असाही एक सल्ला मिळाला. यांपैकी काय निवडावे?
— एक वाचक, शहादा

उत्तर : प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि आपला हेतूही तो नाही. परंतु कॅनव्हासच्या तंबूत चूल कशी चालवावी याचा सर्वांत मोठा अनुभव उत्तर अमेरिकेतील शिकाऱ्यांकडे आणि सैन्याकडे आहे, त्यामुळे तिकडून शिकण्यात गैर काहीच नाही. हेन्री हॉपकिन्स सिब्ली या अमेरिकी सैन्याधिकाऱ्याने १८५६ साली शंकूच्या आकाराच्या तंबूचे पेटंट घेतले. त्याच्याच नावाने ओळखली जाणारी पत्र्याची, शंकूसारखी, तळ नसलेली चूल पुढे कित्येक दशके तेथील सैनिकांना ऊब देत राहिली. मात्र बंधूंची चूल जशीच्या तशी तोरणमाळला आणावी असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशेबातून कळते.

आपल्या तंबूच्या कनाती, छप्पर आणि दोन्ही बाजूंचे त्रिकोण मिळून सुमारे ४८० चौरस फूट, म्हणजे जवळपास ४५ चौरस मीटर कापड बाहेरच्या हवेला लागते. एकेरी कापडाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आतील व बाहेरील तापमानात एका अंशाचा फरक असताना, ढोबळमानाने ६ वॅट उष्णता बाहेर जाते. बाहेर ६ अंश आणि आत १८ अंश हवे असतील, तर कापडातून सव्वातीन हजार वॅट जातील, आणि फटींतून व वाऱ्याने जाणारी उष्णता धरली की हा आकडा साडेचार हजारांच्या आसपास पोहोचेल. विजेच्या भाषेत ही ताशी साडेचार युनिटे झाली. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण चार युनिटे उष्णता असते. पत्र्याच्या साध्या चुलीतून त्यातील निम्मी तंबूत उतरते, उरलेली धुराड्यावाटे जाते, असे धरावे. म्हणजे आपल्याला ताशी सव्वादोन किलो लाकूड पुरते. बाहेर उणे १० अंश असताना तोच तंबू १८ अंशांवर ठेवायचा, तर हे प्रमाण दुपटीहून अधिक होते, आणि बंधूंची २६ इंची चूल त्या थंडीसाठी घडवलेली आहे.

मोठी चूल घ्यावी आणि लाकूड कमी घालावे, म्हणजे झाले, असे कोणीही म्हणेल. येथेच बहुतेकांची फसगत होते. मोठ्या पेटीत थोडेसे लाकूड टाकले की पेटी पुरेशी तापत नाही, आणि ती भरून टाकली तर तंबूत बसवत नाही, म्हणून माणूस हवेची झडप मिटतो. मग लाकूड ज्वाळेने जळण्याऐवजी धुमसते, धुराड्यात डांबरासारखा चिकट काळा थर बसतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि एखाद्या रात्री तो थरच पेट घेऊन धुराड्याच्या टोकातून ठिणग्या उडू लागतात. तंबूतील चूल अशी असावी की ती नेहमी उजळ ज्वाळेने जळत ठेवूनही तंबू असह्य तापणार नाही. आपल्या तंबूला १८ इंच लांब, ११ इंच रुंद, ११ इंच उंच एवढी पेटी पुरेशी आहे. ती निम्मी भरली तर पाच-सहा किलो लाकूड मावते आणि दोन-अडीच तास ऊब मिळते.

आता कोणती चूल घ्यावी ते पाहू. हिमाचलात जिला तंदूर म्हणतात आणि काश्मीरमध्ये बुखारी, ती लाकडाची चूल वाईट नाही. परंतु ती घराच्या भिंतींसाठी बनवलेली असते, तिचे पाय बहुधा आखूड असतात, आणि पातळ पत्र्याची असेल तर तळ काही हंगामांतच जळतो. पिंपाची चूल मला मुळीच मान्य नाही. आपल्या खानदेशात कापूस आणि केळीच्या शेतांमुळे कीटकनाशकांची रिकामी पिंपे जागोजागी मिळतात, आणि त्यांच्या आत राहिलेला अंश तापल्यावर विषारी धूर सोडतो. तेलाच्या किंवा सॉल्व्हंटच्या पिंपात उरलेली वाफ कापतानाच स्फोट घडवू शकते, त्यामुळे येथे आपल्या कारागिराचाही जीव धोक्यात येतो. त्याच वेल्डिंगवाल्यांकडून ३ मिलिमीटर जाडीच्या नव्या काळ्या पत्र्याची पेटी करून घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. या मापाची पेटी ३ मिलिमीटर पत्र्यात जेमतेम १६ किलो भरते. ५ मिलिमीटर घेतला तर २६ किलो होते, ती टिकते खरी, पण तोरणमाळच्या घाटातील वळणांवरून नेऊन उतरवणाऱ्याला तिचे ओझे कळते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा पेटीला आणि धुराड्याच्या पहिल्या तुकड्यांना वापरू नये, कारण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि अतितप्त मुलाम्याचा धूर श्वासाला घातक असतो. साधा रंगही नको. उष्णतारोधक रंग लावावा, आणि पहिल्या दोन-तीन वेळा चूल बाहेर, मोकळ्यावर पेटवून रंगाचा वास व धूर जाऊ द्यावा.

कारागिराला आणखी चार गोष्टी समजावून सांगाव्यात. धुराड्याच्या तोंडाखाली पेटीच्या आत एक आडवी पट्टी बसवावी, म्हणजे ज्वाळ सरळ धुराड्यात न शिरता पुढे वळून मग वर जाते, ठिणग्या कमी होतात आणि उष्णता पेटीतच अधिक वेळ राहते. दाराला घट्ट बसणारी कडी असावी आणि हवेची झडप दारात खाली असावी. पाय किमान ८ इंच उंच असावेत. पेटीच्या तळाशी कायम एक इंच वाळू किंवा राख ठेवावी, त्यामुळे तळाचा पत्रा निखाऱ्यांपासून वाचतो.

पेटीविषयी मी एवढे लिहिले, तरी माझ्या दृष्टीने चुलीचा खरा निर्णय धुराड्यात असतो, आणि दुर्दैवाने लोक सर्वांत कमी पैसे त्यावरच खर्च करतात. पेटी कितीही चांगली असली, तरी ओढ नसेल तर धूर तंबूतच राहतो. आपल्या पेटीला ५ इंच व्यासाचे धुराडे घ्यावे; ४ इंची धुराडे स्वस्त आणि हलके असते, पण ५ इंची नळाचे तोंड त्याच्या दीडपटीहून थोडे अधिक मोठे असते, आणि काजळी बसल्यावर हाच फरक उपयोगी पडतो. धुराड्याचे टोक आढ्यापेक्षा निदान दीड फूट उंच असावे, म्हणजे वारा आढ्यावरून खाली वळताना धूर मागे लोटणार नाही, आणि ठिणग्या छपरावर पडण्यापूर्वी विझतील. म्हणजे पेटीच्या वर सुमारे ८ फूट नळ लागेल. तो दोन-दोन फुटांच्या तुकड्यांत करून घ्यावा. प्रत्येक तुकड्याचे आत शिरणारे चुणीदार तोंड खाली, चुलीच्या दिशेने असावे, म्हणजे आत जमा होणारा काळा द्रव सांध्यातून बाहेर गळत नाही. प्रत्येक सांध्यावर स्क्रू मारावेत आणि छपराबाहेरील भागाला तीन दिशांनी तारा ताणून बांधाव्यात. आत फिरणारी झडप लावायची असेल तर तिच्या चकतीचा एक तुकडा कापून काढावा, जेणेकरून ती पूर्ण मिटवली तरी धुराला वाट उरेल.

कापडातून नळ बाहेर काढण्याची जागा हा सर्वांत नाजूक सांधा आहे. येथे सिलिकॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाची, निदान दीड फूट चौरस चौकट शिवून घ्यावी, आणि तिच्या मधोमध नळापुरते भोक असावे. पत्र्याची चकती तापून कॅनव्हासला भोक पाडते. जुन्या पोत्याची चौकट तर पेटच घेते. या एका वस्तूवर काटकसर करू नये. भोक छपरात असले तर नळ सरळ राहतो आणि ओढ उत्तम मिळते. कनातीतून काढला तर शिवणकाम सोपे होते, पण कोपऱ्याच्या वळणात काजळी साचते. आपल्या मुक्कामाच्या दिवसांत तिकडे पाऊस क्वचितच असतो, म्हणून छपरातूनच काढावा. नळाच्या टोकाला जाळी असावी, जी ठिणग्या अडवते. मात्र ती रोज सकाळी झटकावी, कारण काजळीने बुजलेली जाळी सर्व धूर तंबूत परत पाठवते.

चूल कनातीपासून तीन फूट दूर असावी. मधे एक इंच हवेची पोकळी ठेवून पत्र्याची उभी आड लावली, तर हे अंतर दीड फुटांवर आणता येते, त्याहून कमी नको. चुलीखालचे गवत खरवडून काढावे आणि विटा मांडाव्यात. तोरणमाळच्या पठारावर डिसेंबरात गवत सुकलेले असते, हे आपणांस मी सांगायला नको. चूल दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात असावी, पण बाहेर पडण्याच्या वाटेत नसावी. अंथरुणे समोरच्या टोकाला असावीत आणि मागची कनात आतून सोडता येईल अशी बांधावी. पाण्याची व वाळूची बादली दाराशी भरलेली असावी. कॅनव्हासला आगरोधक लेप दिलेला असला तरी त्याने ठिणगीचे भोक पडायचे राहत नाही. आग पसरण्याचा वेग मात्र कमी होतो. दवापासून बचावासाठी तंबूवर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. नळाजवळ ती वितळते आणि कापडाचा श्वासही बंद करते.

लाकडाविषयी थोडे. पठाराभोवतीचे जंगल राखीव आहे आणि १९२७च्या वन कायद्यानुसार परवानगीशिवाय तेथून सरपण उचलता येत नाही, म्हणून ते खाली शहाद्यातूनच न्यावे. बांधावरची बाभूळ उत्तम. अंजनाचे लाकूड अतिशय जड असते, पेटायला वेळ घेते, पण त्याचे निखारे दीर्घकाळ टिकतात. पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या भडकन पेटतात आणि भडकन संपतात. त्या पेटवणीपुरत्या ठेवाव्यात. आपल्या उन्हाळ्याचा येथे मोठा फायदा होतो. फाल्गुन-चैत्रात फोडलेले लाकूड जळगाव-भुसावळकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात झपाट्याने सुकते, आणि पावसाळ्यात छपराखाली ठेवले तर दिवाळीनंतर त्यात पाचवा हिस्साही पाणी उरत नाही. दोन ओंडके एकमेकांवर आपटले असता टणक आवाज आला आणि टोकांना भेगा दिसल्या, तर लाकूड तयार झाले असे समजावे. भरताची वांगी भाजायची झाली तर ती काड्यांच्या उघड्या जाळावर, तंबूबाहेर भाजावीत. चवीलाही ती तेथेच खरी लागतात. तंबूतल्या चुलीवर फोडणी मुळीच करू नये, कारण कढईतल्या तेलाने पेट घेतला तर कॅनव्हासखाली ती आग आवरता येत नाही.

शेवटी रात्रीविषयी. या आकाराची चूल रात्रभर चालत नाही आणि ती चालावी असा प्रयत्नही करू नये. झोपण्यापूर्वी शेवटचे लाकूड पूर्ण ज्वाळेने जळू द्यावे, आणि मग उबेची जबाबदारी अंथरुणावर सोपवावी. शरीराची बरीच उष्णता खालची थंड जमीन ओढून घेते, म्हणून खाट वापरावी आणि खाटेवर, अंगाखाली, दोन गोधड्या असाव्यात. पहाटे कोणीतरी उठून पुन्हा जाळ करावा. सातपुड्यातील डाब परिसरात थंडीच्या लाटेत दव गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा तोरणमाळच्या पहाटेला कमी लेखू नये; पण चुलीची झडप मिटून, धुमसत ठेवून झोपणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. हिवाळ्यात राखणीला असलेला आमचा गडी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीच्या राहुटीत झोपतो आणि घमेल्यात निखारे घेऊन ते आत ठेवतो. धूर नसल्यामुळे त्यात धोका नाही, असे तो म्हणतो. त्याच्यासाठी धुराड्याची चूल बसवावी का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : चुलीचा विचार नंतर करावा, ते घमेले आज रात्रीपासून बाहेर ठेवायला लावावे. हे मी अत्यंत कळकळीने लिहीत आहे.

निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निर्धोक आहेत हा समज जीवघेणा आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो आणि माणसाला उठवतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो झोंबतही नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो, त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अगदी थोडे असले तरी काही तासांत शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, हातापायांतील बळ जाणे ही त्याची लक्षणे जाग्या माणसाला जाणवतात; झोपलेल्याला जाणवत नाहीत, आणि जाणवली तरी उठून दारापर्यंत जाण्याची शक्ती कित्येकदा उरलेली नसते. सकाळी उठल्यावर आपल्या गड्याचे डोके दुखते का, आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर तासाभरात ते थांबते का, हे त्याला अवश्य विचारावे. तसे असेल तर तो रोज धोक्याच्या उंबरठ्यावर झोपत आहे. अशी लक्षणे दिसलेल्या माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे, तेथे प्राणवायू देता येतो.

सुती कॅनव्हासमधून झिरपते तशी हवा प्लॅस्टिकमधून झिरपत नाही, म्हणून तेथे हा वायू अधिक वेगाने साचतो. त्याच कारणाने, आणि प्लॅस्टिक वितळून अंगावर चिकटते म्हणूनही, तेथे धुराड्याची चूलदेखील बसवू नये. थंडीच्या रात्री केळीला जपण्यासाठी बागेत धूर करण्याची पद्धत आहे. शेकोटी त्याच वेळी राहुटीबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावी, आणि गड्याला जाड गादी, खाट, दोन घोंगड्या व कानटोपी द्यावी. आपणांस खर्च करायचाच असेल, तर पत्र्याची पक्की खोली बांधून द्यावी. त्या खोलीतही निखारे नकोतच.

पहिल्या पत्राच्या वाचकांनीही आपल्या तंबूत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक ठेवावा. धुराचा सूचक वेगळा असतो, तो या कामाचा नाही. सूचक झोपलेल्यांच्या डोक्याच्या उंचीला टांगावा, आणि तो आहे म्हणून हवेच्या वाटा बुजवू नयेत. चुलीच्या बाजूला कनातीचा खालचा काठ हातभर उघडा आणि आढ्याजवळ एक झरोका, एवढे नेहमी राहू द्यावे.

प्रश्न : दरवर्षी दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आम्ही सुती राहुटी ठोकून राहतो. या वेळी पातळ पत्र्याची छोटी चूल धुराड्यासह आणली, पण पेटवताच धूर उलटा आत येतो. काय करावे?
— एक वाचक, दोंडाईचा

उत्तर : पेटवतानाच धूर उलटत असेल आणि नंतर थांबत असेल, तर नळातील हवा गार असते, एवढेच कारण आहे. तापीकाठची पहाटेची जड हवा नळात बसून राहते. चुलीत बारीक काड्या रचाव्यात, त्यांच्या वर, नळाच्या तोंडाजवळ कागदाचा एक बोळा पेटवावा आणि दार लावून झडप पूर्ण उघडी ठेवावी; नळ तापला की ओढ सुरू होते, मग काड्या पेटवाव्यात. धूर थांबतच नसेल, तर टोकाची जाळी काजळीने बुजली आहे का, नळाला एकापेक्षा अधिक वळणे आहेत का, टोक राहुटीच्या आढ्याखाली राहिले आहे का, आणि लाकूड ओले आहे का, हे याच क्रमाने पाहावे. शेजारच्या उंच मंडपामुळे वारा खाली वळत असेल तर नळाला आणखी एक तुकडा जोडावा.

परंतु आपल्या जागेची मला वेगळी काळजी वाटते. बाजारात राहुट्या एकमेकींना लागून असतात, मधे कडब्याच्या गंजी असतात आणि दाव्याला बांधलेली घोडी असतात. तेथे एक ठिणगी तुमच्या राहुटीपुरती राहणार नाही, आणि बांधलेल्या जनावराला पळताही येणार नाही. चारही बाजूंना निदान तीस फूट मोकळी, कडबा नसलेली जागा मिळत नसेल, तर बाजाराच्या दिवसांत ही चूल बंद ठेवावी आणि मोकळ्या मैदानातल्या सामाईक शेकोटीवर भागवावे. जागा मिळाली, तर चूल पेटलेली असताना राहुटीत एक जाणते माणूस सतत असावे, आणि राख पूर्ण गार झाल्यावर, पाणी शिंपडून, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातच काढावी.